शोभेची बोंडे : काय लावावे, काय टाळावे



मागच्या पंधरवड्यात एक सभासद गट कार्यालयात पुडी घेऊन आले. "साहेब, वाळल्या बोंडांना शहरात फुलवाले पैसे देतात म्हणे. बांधाला हे बी टाकू का?" पुडी उघडली तर आत खसखस! म्हणजे अफूच्या झाडाचेच बी. बोंड दिसते देखणे, पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय हे झाड लावणे गुन्हा आहे. परवाने केंद्र सरकार देते, तेही मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांतच. 'शोभेसाठी लावले' हे उत्तर चालत नाही. तेव्हा दोन-चार झाडंसुद्धा नकोत.

मग लावायचे काय? आम्ही दोन झाडे सुचवतो.

१) शोभेची कलौंजी (नायजेला) : मसाल्याच्या कलौंजीची ही चुलत बहीण. थंडीतले पीक. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात जागेवरच पेरावे. सोटमूळ असल्याने उपटून लावलेले रोप मानवत नाही. दोन ओळींत १ फूट अंतर ठेवून बी अगदी वरवर पेरावे. विरळणी करून दोन रोपांत अर्धा फूट ठेवावे. निळी फुले गळाली की बोंड फुगते, त्यावर जांभळट रेघा येतात. बोंड टणक लागले की कापा. उशीर झाला तर तोंड उकलून बी सांडते.

२) कपाळफोडी : पावसाळ्यातील वेल, कागदी फुग्यांसारखी फळे. फुगे भरलेले पण हिरवे असतानाच तोडावेत. ही घराच्या कुंपणालाच लावा, उसाच्या बांधाला नको. बी फडात पडले तर वेल उसाला विळखा घालील.

वाळवण : दव उठल्यावर काढणी करा. पाने काढून ८-१० देठांची जुडी बांधा. वाळताना देठ आकसतात, म्हणून सुतळीऐवजी रबर लावा. अंधाऱ्या, हवेशीर खोलीत जुड्या उलट्या टांगा. उन्हात रंग उडतो, चुलीच्या धुराने बोंडं काळवंडतात. दोन-तीन आठवड्यांनी देठ कट्‌कन मोडला की माल तयार.

पहिल्या वर्षी एक गुंठ्याच्या वर जाऊ नका. नमुन्याची जुडी फुलवाल्याला दाखवून भाव ठरवा, मगच क्षेत्र वाढवा. हा जोडधंदा आहे, उसाला पर्याय नव्हे.

आणि बी ओळखू आले नाही तर पेरण्याआधी गट कार्यालयात आणा. त्या सभासदांचे आम्हाला कौतुक वाटते ते यासाठीच. त्यांनी आधी विचारले.

— ऊस विकास अधिकारी