मधपेटीच्या तळपाटावरील केर व त्याची परीक्षा

मधपेटीच्या तळपाटावर साचलेला केर झाडून टाकावा, एवढेच पुष्कळ शेतकऱ्यांस ठाऊक असते. परंतु पेटीत काय चालले आहे, हे प्रथम त्या केरावरूनच कळते. चौकटी वारंवार उचलल्याने सातेरी माशा बिथरतात व प्रसंगी घर सोडून जातात. तळपाट मात्र चौकटींस हात न लावता पाहता येतो. म्हणून केर आधी तपासावा व मगच झाडावा.

तपासणीची रीत.— दर आठ दिवसांनी सकाळी थोडा धूर देऊन कोठी अलगद बाजूस ठेवावी. केर पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगाने पाहावा.

केरात काय आढळते?

१. मेणाचा भुगा : चौकटींखाली फिकट तपकिरी भुग्याच्या रेघा दिसल्यास पिलाव्यातून नव्या माशा निघत आहेत असे समजावे. हे सुलक्षण होय. सातेरी माशी जुने पोळे कुरतडते, त्यामुळेही भुगा पडतो.

२. काळे कण व रेशमी जाळी : ही मेणकिड्याची खूण होय. त्याची मळकट पांढरी अळी पोळ्यात बोगदे करते. दुर्बळ वसाहतीत हा शत्रू बळावतो. माशांनी न व्यापलेली जुनी पोळी काढून घ्यावी, केर जाळावा व पेटीच्या फटी बुजवाव्या.

३. तांबूस, चपटे, टाचणीच्या डोक्याएवढे कण : हे वरोआ कोळी असू शकतात. सातेरी माशी त्यांस बरेचसे आवरते. मेलिफेरा माशीची मात्र मोठी हानी होते.

४. मृत पिलावा : खडूसारखे कठीण तुकडे बुरशीरोग दर्शवितात. अळी पाणी भरलेल्या पिशवीसारखी दिसल्यास थैलीरोगाचा संशय घ्यावा. या विषाणुरोगाने १९९१ नंतर दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट झाल्या. अशा पेटीतील चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नयेत.

५. मुंग्या : तिवईच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या.

मेलेल्या माशांचा ढीग.— पेटीपुढे एकाएकी शेकडो माशा मरून पडल्या व त्यांच्या जिभा बाहेर आलेल्या असल्या, तर तो बहुधा कीटकनाशकाचा परिणाम असतो. राळेगावच्या कपाशी-तुरीच्या पट्ट्यात याकडे विशेष लक्ष द्यावे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे विसरता येत नाही. पेटीपुढील मृत माशा हा शेतकऱ्यासही इशाराच होय. फुलोऱ्यावरील पिकावर फवारणी शक्यतो टाळावी. ती अटळच असेल तर माशा परतल्यावर सायंकाळी, अंगावर संरक्षक कपडे घालून करावी व शेजारच्या मधपाळास आदल्या दिवशी कळवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक पेटीची तारीखवार नोंद ठेवण्यास शेतकऱ्यांस शिकवावे. रोगाचा संशय आल्यास पुणे येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचा सल्ला घ्यावा. तळपाट वेळीच पाहणाऱ्याची वसाहत सहसा टिकते.