ओली माती आणि भाजलेली माती

शास्त्राभ्यास : यिर्मया १८:१-१२, १९:१-१३, ३२:६-१५



‘कच्चे मडके’ हे शब्द आपण मराठी माणसे कौतुकाने कधीच उच्चारत नाही. तेरच्या गोरा कुंभारांनी थापटणे घेऊन संतमंडळींची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा आपल्या कानावरून अनेकदा गेलेली असते. त्यामुळे कच्चेपणा म्हणजे उणीव, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. परंतु परमेश्वराने यिर्मया संदेष्ट्याला कुंभाराच्या घरी पाठवले, तेव्हा त्याला जी आशा दाखवली ती नेमकी कच्च्या मातीतच होती. ती समजून घ्यायची तर त्याच्याप्रमाणे आपणही प्रथम कुंभाराच्या कामाच्या जागी गेले पाहिजे.

१. कुंभाराचे काम

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर मानेसर हे औद्योगिक नगर आहे. मारुती सुझुकीच्या तेथील कारखान्यात २००७ सालापासून मोटारी तयार होऊ लागल्या. अशा कारखान्यात प्रत्येक सुटा भाग दुसऱ्यासारखा हुबेहूब असणे हाच गुण. मापात न बसणारा भाग बाजूला काढला जातो. त्याच राजधानी परिसरात मातीचे कामही चालते, आणि त्याची रीत निराळी आहे. पश्चिम दिल्लीतील उत्तम नगरच्या कुंभारवस्तीत राजस्थान व हरियाणातून आलेली कुटुंबे मडकी, सुरया आणि पणत्या घडवतात. दुसरी परंपरा कलावंत कुंभारांची. सरदार गुरचरण सिंग १९१९ साली जपानला गेले, तेथे ही विद्या शिकले, आणि १९५२ साली त्यांनी ‘दिल्ली ब्लू पॉटरी’ सुरू केली. १९९५ साली ते निवर्तले. परंतु कुंभारकाम हा स्वतंत्र कलाव्यवसाय होऊ शकतो, ही जाणीव रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

वस्तीतले अंगण असो वा शहरातला स्टुडिओ, दिवसाचा आरंभ मातीपासूनच होतो. माती चाळावी, भिजवावी, तुडवावी आणि हाताने मळावी लागते. मळताना आत राहिलेली हवा निघून गेली नाही, तर भांड्याची भिंत सारखी चढत नाही. मग गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणायचा. तो केसभर जरी बाजूला राहिला तरी भांडे डगमगते, आणि भिंत जितकी उंच जावी तितके अधिक डगमगते. घडवलेले भांडे सावलीत सावकाश वाळवायचे. ते चामड्याइतके घट्ट झाले की बूड तासायचे, कान जोडायचे. आत ओल राहिली, तर भट्टीत तिची वाफ होऊन भांडे फुटते. म्हणून कुंभाराला घाई परवडत नाही.

पण ज्या गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, ती कोपऱ्यातील एक साधी बादली आहे. चाकावर कोसळलेले भांडे, तासताना निघालेली साल, वाळताना तडकलेली वाटी, हे सारे त्या बादलीत जाते. पाणी पडले की वाळलेली माती विरघळून पुन्हा चिखल होते. तो निथळवला, मळला की नव्या मातीइतकाच उपयोगी पडतो. भाजण्यापूर्वी काहीही वाया जात नाही. मात्र भट्टीत सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे मातीच्या घडणीतच बांधले गेलेले पाणी निघून जाते आणि तिची जातच बदलते. त्यानंतर तिला वर्षभर पाण्यात ठेवा, ती विरघळणार नाही.

२. हाताबाहेर न गेलेले भांडे

आता अठरावा अध्याय उघडा. कुंभार ज्यावर काम करीत होता त्या चाकासाठी इब्री भाषेत ‘ओब्नायिम’ हा द्विवचनी शब्द आहे. वरचा व खालचा असे दोन दगड त्यात अभिप्रेत असावेत. जुन्या करारात तो दोनदाच येतो : येथे, आणि निर्गम १:१६ मध्ये इब्री स्त्रियांच्या प्रसूतीच्या आसनासाठी. भाषांतरकाराला दोन्हीकडे एकच मराठी शब्द वापरता येत नाही. पण मूळ वाचणाऱ्याला ‘घडणे’ आणि ‘जन्मणे’ येथे शेजारी बसलेले दिसतात. कुंभार या अर्थाचा ‘योत्सेर’ हा शब्दही, उत्पत्ती २:७ मध्ये देवाने मनुष्याला मातीपासून घडवले असे सांगणाऱ्या क्रियापदाच्याच धातूपासून झाला आहे.

चौथ्या वचनात दोन बारकावे आहेत. भांडे बिघडले, परंतु कुंभाराच्या हातातच बिघडले; त्याच्या हातून ते निसटले नाही. आणि कुंभाराने दुसरी माती आणली नाही, त्याच गोळ्याचे दुसरे भांडे केले. ‘पुन्हा’ हा भाव दाखवायला तेथे ‘शूब’ म्हणजे ‘फिरणे, परतणे’ हे क्रियापद आले आहे. तेच क्रियापद आठव्या वचनात राष्ट्राने दुष्टाईपासून फिरण्यासाठी आहे. कुंभार परत मातीकडे वळतो, आणि मातीनेही वळावे अशी अपेक्षा आहे.

या शास्त्रभागाचा पुष्कळदा विपरीत अर्थ केला जातो. कुंभाराच्या मनात असेल तसे होणार, तेव्हा मनुष्याने गप्प बसावे, असे नशीबवादाचे शिक्षण त्यातून काढले जाते. पण सात ते दहा ही वचने नेमके उलट सांगतात. नाशाचा शब्द उच्चारल्यानंतरही राष्ट्र फिरले तर देव आपला बेत बदलतो. नशिबाची भाषा देव बोलत नाही. ती बाराव्या वचनात लोक बोलतात. त्यांच्या उत्तरातील पहिला शब्द ‘नोआश’, म्हणजे ‘आता आशा उरली नाही’. आशा नाही असे म्हणून ते आपल्याच बेतांमागे जातात. वाचकहो, निराशा आणि हट्ट ही पुष्कळदा एकाच मडक्याची आतली व बाहेरची बाजू असते.

३. फुटलेली सुरई

एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा पुन्हा मातीचे भांडे हाती घेतो. पण ते भाजलेले आहे. त्याचे नाव ‘बकबूक’, पाणी ओतताना बुडबुड आवाज करणारी अरुंद गळ्याची सुरई. खापरांच्या वेशीबाहेर हिन्नोमच्या खोऱ्यात वडीलधाऱ्यांसमक्ष तो ती फोडतो. ती पुन्हा सांधता येणार नाही, हाच संदेश आहे. दोन अध्याय शेजारी ठेवण्यातील अर्थ स्टुडिओतील बादली पाहिल्यावर उलगडतो. देवाची दया संपली म्हणून सुरई फुटली नाही. वळण्याचा काळ लोकांनी घालवला. त्या खोऱ्यात लेकरे अग्नीत होमली जात होती, आणि त्याविरुद्धचा शब्द कोणी ऐकत नव्हते. मनुष्य एका दिवसात कठीण होत नाही; ओल हळूहळू जाते.

४. दस्तऐवजाचे मडके

तरीही यिर्मयाच्या पुस्तकात मातीचे आणखी एक भांडे आहे. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास, यरुशलेमेला वेढा पडलेला असताना, कैदेतील यिर्मया अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुप्याला विकत घेतो आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकेल. येथे भाजलेल्या मातीचा कठीणपणाच उपयोगी पडला. ओल्या भांड्यात कागदपत्र टिकत नाही. विश्वास, वचन, विवाह, सेवा यांना कधीतरी अग्नीतून जाऊन पक्के व्हावेच लागते. प्रश्न एवढाच की, आपण कोणत्या आकारात पक्के होत आहोत?

आपल्या मंडळीत एखादा तरुण मुलगा चुकला, एखादे घर मोडले, की आपण चटकन म्हणतो, ‘त्याचे आता काही होणार नाही.’ हे कारखान्यातील तपासनिसाचे बोलणे आहे. कुंभार असे बोलत नाही. त्याच्यापाशी बादली असते. आणि फुटलेल्या खापरांचीही भुकटी करून कुंभार ती नव्या मातीत मिसळतो. तिच्यामुळे मोठे भांडे वाळताना कमी तडकते. ज्यांचे जीवन खरोखर फुटले त्यांचे अनुभव मंडळीला असाच आधार देऊ शकतात, जर आपण त्यांना उकिरड्यावर टाकले नाही तर.

मननासाठी प्रश्न

१. ‘आशा नाही’ असे म्हणून मी माझा कोणता हट्ट झाकत आहे?
२. माझ्या जीवनाचा कोणता भाग अजून ओला आहे, आणि कोणता वाळत चालला आहे?
३. ज्या व्यक्तीविषयी मी निकाल देऊन मोकळा झालो, तिच्याकडे या आठवड्यात मी कसा परत वळेन?