पावसहून काम, बसायचं कुठे?

प्रश्न : पुण्यातल्या कंपनीचं काम मी पावसहून करते. पावसाळ्यात वीज जाते. लॅपटॉप घेऊन बसायला कॅफे कसा निवडावा?

उत्तर : पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिराभोवती भाविकांची वर्दळ असते, तिथल्या उपाहारगृहांत ठाण मांडू नका. सुमारे २० किलोमीटरवरच्या रत्नागिरीत शोधा. जेवणाची वेळ टाळून जा आणि आधीच विचारा : इन्व्हर्टर आहे का, टेबलाजवळ प्लग आहे का, दोन तास बसलं तर चालेल का? मोबाइलचं नेटवर्कही तपासा. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण १ जीबी डेटा लागतो. अधूनमधून काही मागवत राहा. रोजच्यासाठी मात्र घरीच राउटरला छोटा यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचं सिम घ्या. तेच स्वस्त पडेल.