हार्ड डिस्क बदलली, पण संगणक सुरू होईना – काय करावे?



उसाची नोंद, लागवडीची तारीख, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन हे सारे आता वहीऐवजी संगणकात असते. वारणानगरला १९९८ साली कारखाना परिसरातील ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना निघाली, तेव्हा ते नवल होते. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक शेती पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणास मंजुरी दिली. तेव्हा हा विषय आता आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या लहान गावालाही परका नाही.

हार्ड डिस्क म्हणजे संगणकाचे कोठार. विजेचा कमी-जास्त दाब, धूळ आणि उन्हाळ्याची गरमी यांनी ती बिघडते. मग नवी बसवतात, बटण दाबतात, आणि काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी ओळ येते. मंडळी म्हणतात, “नवी डिस्कच खराब निघाली.” पुष्कळदा तसे नसते. बटण दाबल्यावर आधी ‘बायोस’ जागा होतो आणि डिस्कवर विंडोज शोधतो. नवी डिस्क कोरी असते. बेणे न लावताच रानात कोंब शोधले तर सापडतील कसे?

तपासणी खालील क्रमाने करावी.

१) प्लग काढा. डिस्कला दोन केबली असतात, एक विजेची व एक माहितीची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा.

२) संगणक सुरू होताच ‘डिलीट’ किंवा ‘एफ २’ कळ दाबून बायोस उघडा (कंपनीप्रमाणे कळ वेगळी असू शकते). तेथे डिस्कचे नाव नसेल, तर दोष केबलीत, जोडणीत किंवा डिस्कमध्ये आहे. केबल बदलून पाहा.

३) नाव दिसत असेल, तर ‘बूट’चा क्रम पाहा. विंडोज असलेली डिस्क पहिली हवी.

४) डिस्क कोरी असेल, तर पेनड्राइव्हवरून विंडोज भरावे लागते. जुनीची नक्कल केली असेल, तर पहिल्यांदा नवी एकटीच जोडून सुरू करा. फक्त ‘सी’ भाग उतरवून भागत नाही, बूटचा लहानसा भागही हवा. तो बिघडला असल्यास पेनड्राइव्हवरील ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा.

५) जुनी ‘लेगसी’ पद्धत ‘एमबीआर’ डिस्कशी आणि नवी ‘यूईएफआय’ पद्धत ‘जीपीटी’ डिस्कशी जुळते. विंडोज भरताना एक व सुरू करताना दुसरी पद्धत असली, की गाडी अडते.

६) दर वेळी तारीख मागे जात असेल, तर आतला नाण्याएवढा सेल बदला. नाहीतर बूटचा क्रम बिघडू शकतो, आणि नोंदीवरही चुकीची तारीख पडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. नवी डिस्क बाजारात मिळते, जुनीतले रेकॉर्ड मिळत नाही. मेकॅनिक ‘फॉरमॅट मारतो’ म्हणाला, तर आधी विचारा – कोणती डिस्क? जुनी डिस्क आधी काढून, नाव-तारीख लिहून कपाटात ठेवा. ती टक-टक वाजत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

पडदा उजळला म्हणजे काम संपले असे नव्हे. गटवार नोंदी वहीशी ताडून पाहा. एखाद्या सभासदाची लागवड तारीख चुकली, तर त्याची पाळी मागे पडते. ऊस रानात उभा राहतो, तुरा येतो, वजन घटते, आणि नुकसान त्या घराचे होते. म्हणून सोसायटीने दर आठवड्याला रेकॉर्डची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी व ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी. सभासदांनीही ऊस नोंदीची पावती जपावी. संगणक अडला, तरी ती पावती बोलते.

कळावे.

– ऊस विकास अधिकारी