डब्यावर 165, मीटरवर 58

"सर, गावाकडं कोरल टिकत नसतं. तुमच्या पाण्यातच दोष असणार."

ज्या दुकानातून मी रीफ टँकचा दिवा घेतला, तिथल्या माणसाचं फोनवरचं हे शेवटचं वाक्य. त्याचा राग अजून गेलेला नाही. पाणी मी दर आठवड्याला तपासत होतो. खारटपणा 1.025, अल्कलिनिटी आठ, नायट्रेट पाचच्या आसपास. वहीत तारखेसकट लिहिलेलं आहे. दोष पाण्यात नव्हता आणि वळसंगात, म्हणजे आमच्या गावात, तर नव्हताच. दोष त्याने विकलेल्या दिव्याच्या डब्यात होता, आणि तो त्याला माहीत होता. हे मी उगाच म्हणत नाही, कसं कळलं ते पुढे सांगतो.

टँक साधाच आहे. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आसपास. आत सगळे सॉफ्ट कोरल: मश्रूम, झोआ, एक लेदर. दिवा घेताना जे विचारायचं ते सगळं मी विचारलं होतं. निळ्या एलईडी किती नॅनोमीटरच्या? लेन्स किती अंशांच्या? खाली वाळूपाशी पार किती मिळेल? पार म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. त्यावर लेखी उत्तर आलं, "सर, 165 वॅट आहे, फुल स्पेक्ट्रम आहे, त्यात सगळं येतं. बिनधास्त घ्या." व्हॉट्सअ‍ॅपवर आजही आहे. पहिल्या दिवसापासून निळा आणि पांढरा दोन्ही चॅनल शंभर टक्क्यांवर लावा, हा सल्लाही त्याचाच.

थोड्या दिवसांत टँकमध्ये विचित्र प्रकार दिसायला लागला. बरोबर दिव्याखालचे मश्रूम आकसले आणि फिके पडत पांढुरके झाले. जेमतेम वीतभर अंतरावर, काचेच्या कोपऱ्यातले झोआ मात्र माना लांब करून उजेडाकडे ताणायला लागले. फिकं पडणं म्हणजे प्रकाश जास्त, माना ताणणं म्हणजे प्रकाश कमी. दोन्ही एकाच टँकमध्ये, एकाच दिव्याखाली. मी फोटो पाठवले. आधी उत्तर आलं, "प्रकाश कमी पडतोय, अजून एक दिवा लावा." चार दिवसांनी दुसरे फोटो पाठवले, तर तोच माणूस म्हणतो, "प्रकाश जास्त झालाय, पण दिव्यात प्रॉब्लेम नाही." आपण आधी काय बोललो हे त्याला आठवतही नव्हतं.

गावात मोटार रिवाइंडिंग करणारा माझा एक मित्र आहे. तो सहज टँक बघायला आला, डब्याला हात लावला आणि म्हणाला, "मालक, 165 वॅटचा डबा एवढा गार कसा काय ओ? खातंय तरी का नीट?" मग त्यानेच युक्ती सांगितली. महावितरणच्या मीटरवर एक लाल एलईडी लुकलुकत असते. एका युनिटला ती किती वेळा लुकलुकते तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. आमच्या मीटरवर 3200 आहे, काहींवर 1600 असतो.

रात्री जेवणं उरकल्यावर आम्ही घरातलं सगळं बंद केलं. फ्रिजचा प्लग काढला, इन्व्हर्टर बंद केला (तो चार्जिंगला विजेचा ओढा ठेवतो, ही गोष्ट विसरू नका), टँकचे पंपही थोडा वेळ बंद. आधी मीटरसमोर उभं राहून खात्री केली की लाल एलईडी अजिबात लुकलुकत नाही. मग फक्त दिवा लावला, दोन्ही चॅनल शंभरावर. मोबाइलवर दहा मिनिटांचं घड्याळ, दुसऱ्या मोबाइलवर व्हिडिओ. डबा खरंच 165 वॅट खात असता तर दहा मिनिटांत 88 लुकलुकी व्हायला हव्या होत्या. झाल्या 31. हिशेब सोपा आहे. 31 ला 3200 ने भागायचं, एका तासाचे करायला सहाने गुणायचं, वॅट काढायला हजाराने. उत्तर येतं 58.

तो व्हिडिओ मी दुकानदाराला पाठवला. "तुमचं मीटर चुकीचं असेल," हे अपेक्षितच होतं. त्यानंतर जे आलं ते मात्र मी विसरणार नाही. "सर, 165 म्हणजे एलईडीची क्षमता. 55 एलईडी गुणिले 3 वॅट. तेवढं कोणताच डबा खात नाही, सगळ्यांना माहीत असतं." सगळ्यांना! म्हणजे विकताना त्याला ठाऊक होतं की हा आकडा फक्त गुणाकार आहे. घेणाऱ्याने वॅट विचारले तर गुणाकार सांगायचा, पार विचारला तर "सगळं येतं" म्हणायचं, आणि कोरल खराब झालं की त्याच्या गावाच्या पाण्यावर ढकलायचं. मी 'गावाकडचा' असल्यामुळे हे खपून जाईल असं त्याला वाटलं होतं.

गुणाकाराची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून ती जास्त फसवी. 3 वॅटची एलईडी प्रामाणिक डब्यातही पूर्ण तापवत नाहीत, तिचं आयुष्य टिकावं म्हणून कमी करंटवर चालवतात. त्यामुळे 55 एलईडीचा बरा डबा साधारण 100 ते 120 वॅट खातो. ते ठीक आहे. 58 म्हणजे ड्रायव्हरमध्ये, एलईडीला करंट पुरवणाऱ्या भागात, केलेली सरळ काटकसर. ती डोळ्याला कळू नये म्हणून अरुंद कोनाच्या लेन्स बसवलेल्या. प्रकाश मध्यभागी गोळा होतो, झगझगाट दिसतो, गिऱ्हाईक खूश. मोबाइलच्या लक्स अ‍ॅपने काचेच्या वरच्या कडेच्या पातळीवर मोजलं तर मधल्या आणि कोपऱ्यातल्या आकड्यात दहापटीहून जास्त फरक आला. मश्रूम का भाजले आणि झोआ का ताणले, याचं उत्तर तिथेच मिळालं.

लक्स अ‍ॅपबद्दल एक सांगतो, कारण बरेच जण त्यावरून पार काढायला जातात. उन्हासाठी लक्सला 54 ने भागलं की पारच्या जवळचा आकडा मिळतो. निळ्या एलईडीला हे लागू होत नाही. लक्स आणि ल्युमेन दोन्ही माणसाच्या डोळ्याप्रमाणे मोजतात, आणि आपल्या डोळ्याला सगळ्यात तेजस्वी दिसतो तो 555 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा. निळा प्रकाश या मापात फार कमी दिसतो. म्हणून अ‍ॅप एकाच दिव्याखालच्या दोन जागांची तुलना करायला वापरा, दोन वेगवेगळ्या दिव्यांची करू नका.

आणि कोरलला हवा असतो तो निळाच. कोरलच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं, झूझँथेली, प्रकाशावर साखर बनवतात आणि तिच्यावर कोरलचं बरंचसं पोट चालतं. समुद्राचं पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं. खोलवर पोचतो तो निळा. विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेचा माथाच सुमारे वीस मीटर खोल आहे, तरी तिथे कोरल वाढतं, कारण पाणी नितळ आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाणी उथळ पण गढूळ, तिथली कोरलं कमी प्रकाशात निभावतात. म्हणजे प्रत्येक कोरलची भूक वेगळी. सॉफ्ट कोरलला 50 ते 100 पार पुष्कळ झाला. मोठ्या पॉलिपच्या कठीण कोरलला 75 ते 150, आणि फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोरासारख्यांना 200 ते 350. नवख्या माणसाला शेवटच्या गटाचा दिवा गळ्यात मारतात आणि पहिल्या गटाचं कोरल विकतात.

आता घ्यायचं काय? रॉयल ब्लू, 450 नॅनोमीटरच्या एलईडी निम्म्याहून जास्त असाव्यात, सोबत थोड्या 420 च्या जांभळ्या आणि थोड्या पांढऱ्या. लाल-हिरव्या एलईडी जितक्या कमी तितकं बरं. त्या रंग दाखवायला असतात आणि शेवाळाला मदत करतात. निळा आणि पांढरा चॅनल वेगळे कमी-जास्त करता आले पाहिजेत, नसेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. लेन्स 90 ते 120 अंशांच्या. सोलापूर जिल्ह्यात ड्रॅगन फ्रूटच्या बागा आहेत. रात्री फुलोऱ्यासाठी लावतात ते दिवे किंवा गोड्या पाण्यातल्या वनस्पतींचे दिवे "हेच चालतात" म्हणून कोणी देऊ लागला तर तिथून उठा. त्या झाडांची गरज वेगळी. टी-5 नळ्या प्रकाश फार छान, सारखा पसरवतात, पण नऊ-दहा महिन्यांनी बदलाव्या लागतात आणि सोलापुरात मिळत नाहीत. मेटल हॅलाइडचं नाव आपल्या उन्हाळ्यात काढूच नये.

उन्हाळ्याचं बोललो म्हणून सांगतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 42-43 ला जातो आणि कोरलला 24 ते 27 हवं असतं. चिलर परवडत नाही. पण आपली हवा कोरडी आहे, हा मोठा फायदा. पाण्यावर तिरका पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमट हवेत हे एवढं जमत नाही. टँकच्या खोलीत दुपारचं ऊन येऊ देऊ नका आणि उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त आरओचं गोडं पाणी घाला, मीठ उडत नाही.

नवा दिवा टँकपासून फूटभर उंच टांगा. निळा 25-30 टक्के, पांढरा 10, आणि महिना-दीड महिन्यात हळूहळू वाढवा. दिवसाला आठ ते दहा तास, त्यात पांढरा चार-पाच तासच. टायमर लावा. घाई करू नका, संयम ठेवा, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. वीज गेली तर दिव्याची काळजी सोडा. कोरल दोन दिवस अंधारात सहज राहतं, शेवाळ मारायला लोक मुद्दाम तीन दिवस अंधार करतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप मात्र घरात हवाच, पाणी थांबलं की तासांचा प्रश्न असतो. वीज परत येताना झटका बसतो आणि स्वस्त ड्रायव्हर तिथेच जातात, म्हणून दिवा स्पाइक गार्डवर.

त्याच दुकानाने मला आणखी एक देऊ केलं होतं. फांद्यांचं कठीण कोरल, "आपल्याच किनाऱ्याचं आहे, कागद लागत नाहीत." मी नाही म्हटलं. 2001 पासून सगळी कठीण कोरलं, काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, त्या यादीत. पकडला जातो तो घरी टँक ठेवणारा. कागद नसलेलं काहीही घरात आणू नका, आणि असं बोलणाऱ्याकडून दिवाही घेऊ नका. कोरलबद्दल जो असं बोलतो तो वॅटबद्दल खरं कशाला सांगेल?

पैसे देण्याआधी बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: प्रत्यक्ष वीजवापर किती वॅट, निळ्या एलईडीचे नॅनोमीटर, लेन्सचा कोन, आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता. दुसरा दिवा घेताना मी हेच केलं. तो दुकानदार जरा वैतागला, पण लिहून दिलं. दिवा घरी आणला त्या रात्रीच मीटरसमोर उभा राहिलो. डब्यावर 90, मीटरवर 86. कोपऱ्यातले झोआ आता आखूड मानांचे, पसरलेले आहेत. मधले दोन मश्रूम मात्र गेले ते गेलेच.

पहिला दिवा परत घेतला नाही. "सील उघडलं" हे कारण. सील मी उघडलेलं नाही, मीटर बाहेरच्या भिंतीवर आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर बोललो, नोटीस पाठवली, उत्तर नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठल्याही शहरात असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही, मुदत दोन वर्षं. तक्रार मी सोलापूरलाच दाखल केली आहे. वॅटचे ते सगळे मेसेज, पाण्याची वही आणि दहा मिनिटांचा पूर्ण व्हिडिओ सोबत जोडला आहे. आता त्या माणसाला गावाकडं यावं लागेल.