पैशाची ओढाताण आणि शेतकऱ्याचे निर्णय

ऊस तुटण्याआधीच्या ओढीच्या दिवसांत केलेला एखादा व्यवहार बिल हाती आल्यावर चुकीचा वाटतो, असा अनुभव आपणांपैकी अनेकांना असेल. अशा वेळी माणूस स्वतःच्या बुद्धीला दोष देतो. प्रत्यक्षात त्यात काळजीचा वाटा बराच मोठा असतो.

तमिळनाडूतील विल्लुपुरम व तिरुवन्नामलै भागातील ४६४ ऊस उत्पादकांचा याबाबत अभ्यास झाला असून त्याचे निष्कर्ष २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी व तोडणीनंतर परीक्षा घेण्यात आली. आकृतीतील गाळलेला भाग ओळखायचा. तसेच '५ ५ ५' असे दिसले की पाच न म्हणता आकडे किती आहेत ते, म्हणजे 'तीन', सांगायचे. (घरी करून पाहा, वाटते तितके सोपे नाही.) आकृत्यांची बरोबर उत्तरे तोडणीपूर्वी सरासरी ४.३५ व नंतर ५.४५ आली. माणूस तोच, शिक्षण तेच. कारखान्याची तोड वेगवेगळ्या महिन्यांत येत असल्याने हा फरक केवळ ऋतूमुळे पडला असे म्हणता येत नाही.

विहीर एकच असताना तिच्यावर दोन मोटारी बसविल्या तर दोन्हींना पाणी कमी पडते. हातउसने, दुकानाची उधारी, मुलांची फी यांची बेरीज डोक्यात चालू असताना इतर विचाराचे तसेच होते. अमेरिकेत पगाराच्या आधी व नंतर केलेल्या २०१६ च्या अभ्यासात मात्र असा फरक आढळला नाही. पण महिन्याची ओढ आणि वर्षाची ओढ सारखी नसते, असे आम्हास वाटते.

पश्चिम केनियातील मका उत्पादकांना पुढील हंगामाचे खत पीक निघताच, घरपोच व मुदतीच्या आत घेण्याची सोय दिली असता खताचा वापर लक्षणीय वाढला. हा अभ्यास २०११ सालचा आहे. खत घ्यायची इच्छा आधीही होती. फक्त पैसा तोपर्यंत टिकत नव्हता.

म्हणून बियाणे, खत, विमा यांचे निर्णय बिल जमा झालेल्या आठवड्यातच घ्यावेत व वहीत लिहून ठेवावेत. ओढीच्या दिवसांत जमीन, दागिने वा कर्जाच्या कागदावर त्याच दिवशी सही करू नये. कागद घरी आणावा, व्याजाचा दर दरमहा आहे की दरसाल ते पाहावे आणि घरातील दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा.