वाढवून मिळालेले दिवस

शास्त्रपाठ : यशया 38 व 39

काशीतील अमृतराव घाटाचे नाव रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांच्यावरून पडले. आयुष्याची अखेर तेथे व्हावी म्हणून कित्येक मराठी माणसे पिढ्यानपिढ्या काशीस गेली. त्याच नगरीत 2018 व 2019 साली टाटा स्मारक केंद्राची दोन कर्करोग रुग्णालये सुरू झाली. आता तेथे माणसे जगण्यासाठीही रांगेत उभी राहतात.

हिज्कीया राजाला मरणाचा निरोप आला, तेव्हा भिंतीकडे तोंड करून तो रडला व त्याने प्रार्थना केली. देवाने त्याला 15 वर्षे वाढवून दिली. तरीही यशयाने गळवावर अंजिरांची ढेप बांधावयास सांगितले. प्रार्थना व औषध यांत शास्त्राने वैर मांडलेले नाही. “विश्वास आहे, मग गोळ्या कशाला?” असे आजाऱ्याला विचारणाऱ्या बंधुभगिनींनी 38 व्या अध्यायातील 21 वे वचन पुनः वाचावे.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. मिळालेल्या दिवसांचे काय करावे? बरा झालेला हिज्कीया बाबेलच्या वकिलांना आपली भांडारे दाखवीत फिरला. दिवस देणाऱ्याविषयी तो त्यांच्याशी एक शब्द बोलल्याचेही तेथे लिहिलेले नाही.

हिज्कीयाला वर्षांचा आकडा ठाऊक होता, आपल्याला नसतो. स्तनाच्या काही कर्करोगांत संप्रेरकांवरील गोळ्या 5 ते 10 वर्षे घ्याव्या लागतात. रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगात तर रोजची गोळी वर्षानुवर्षे चालते. “बरा झालो की जगेन,” असे म्हणणाऱ्याने एवढा काळ उंबरठ्यावरच बसून राहावे काय?

म्हणून उपचारांच्या चालीनेच दिवस लावावे. दर 3 आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीत बहुधा आरंभी थकवा येतो, मग पांढऱ्या पेशी घटून संसर्गाचा धोका वाढतो आणि तिसऱ्या आठवड्यात अंगात बळ परतू लागते. शब्बाथ शाळेचा वर्ग, गायनमंडळाचा सराव, मुलीच्या लग्नाची बोलणी त्या आठवड्यात ठेवावी. धोक्याच्या दिवसांत उपासनेच्या गर्दीत जाता आले नाही, तर ती विश्वासाची उणीव नव्हे. ताप 38 अंश सेल्सियसवर गेला, तर प्रार्थना रिक्षात करावी. पण तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि मंडळीने आजाऱ्याच्या हातातील काम दयेपोटी काढून घेऊ नये. खजिनदार आजारी असेल, तर भेटीस जाताना फळांबरोबर हिशेबाची वहीही न्यावी.